"अ‍ॅजटाइप लावा आणि मोकळे व्हा" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स. तुमचं म्हणणं असं की कॉलमचा टाइप (आकडा, मजकूर की तारीख) बदलणं हे पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत, एका ओळीचं काम, टाइप बदलणारं अ‍ॅजटाइप लावा, नाही चाललं तर आकडे करणाऱ्या टू-न्युमरिकला एरर्स कोअर्स द्या (जे आकडा होत नाही ते रिकामं होतं) आणि मोकळे व्हा, मी त्यावर उगाच दोन पानं लिहून नवीन मुलांना घाबरवलं. ओळ एकच आहे हे खरंय. पण त्या ओळीनंतर डेटाचं काय होतं यावरच तर मी लिहिलं होतं हो, आणि नेमका तोच भाग तुम्ही सोडून दिलात.

तुमचं कोअर्सच घ्या. एका पतसंस्थेच्या ठेवींची फाइल आली होती माझ्याकडे, दोन क्लार्कनी भरलेली, एक जण ४५०० असं लिहायचा आणि दुसरा १,२५,००० असं स्वल्पविराम देऊन. मी कोअर्स लावलं, एरर नाही, टाइप फ्लोट (दशांश आकडा) झाला, बेरीजही आली, ती घेऊन मी मीटिंगला गेले आणि तिथल्या मॅनेजरनी नुसतं बघूनच सांगितलं की मॅडम, एवढ्या तर आमच्या एका शाखेच्या ठेवी आहेत. स्वल्पविराम असलेली प्रत्येक रक्कम नॅन, म्हणजे रिकामी, झाली होती, आणि बेरीज करणारं सम नॅनला गुपचूप वगळतं, त्यामुळे दुसऱ्या क्लार्कच्या हजारापासून पुढच्या सगळ्या ठेवी गायब! साधं अ‍ॅजटाइप फ्लोट केलं असतं तर ते पहिल्या स्वल्पविरामालाच अडलं असतं आणि मला घरीच कळलं असतं. खरं तर फाइल वाचणाऱ्या रीड-सीएसव्हीमध्ये थाउजंड्स या पर्यायाला स्वल्पविराम द्यायला हवा होता, आपली लाखाची मांडणी असली तरी ते व्यवस्थित चालतं.

कोअर्स वापरूच नका असं नाही म्हणत मी. वापरा, पण आधी रिकामे किती होते आणि नंतर किती झाले ते रिकाम्या जागा शोधणारं इझना लावून मोजा, आकडा वाढला तर तेवढ्या ओळी बाजूला काढून डोळ्यांनी बघा. पाच मिनिटं लागतात.

"आयडी म्हणजे नंबरच, इंट करून टाका" (इंट म्हणजे पूर्णांक) हे मात्र मला अजिबात पटलं नाही. खाते नंबर ००४५१२ असेल तर रीड-सीएसव्ही स्वतःहूनच त्याचा ४५१२ करतं, कॉलममध्ये एक जरी जागा रिकामी असेल तर ४५१२.० करतं, आणि नंतर अ‍ॅजटाइप स्ट्रिंग (मजकूर) केलंत तरी गेलेली शून्यं परत येत नाहीत, मग दुसऱ्या टेबलशी मर्ज करताना, म्हणजे जोडताना, खाती जुळेनात म्हणून रात्र जाते. ज्याची कधी बेरीज करणार नाही तो नंबर नाहीच, तो मजकूर आहे, वाचतानाच डीटाइपमध्ये (टाइप ठरवायचा पर्याय) स्ट्रिंग सांगा. एक्सेल तर याच्याही पुढे, गट नंबर १२/१ टाइप केला की त्याची तारीख होते. जनुकांची नावंसुद्धा यातून सुटली नाहीत, मार्च१ नावाच्या जनुकाची एक्सेलमध्ये तारीख व्हायची म्हणून २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीच्या नियमांत ते मार्चएफ१ झालं!

बूलचंही, म्हणजे ट्रू-फॉल्स टाइपचंही, तेच. मजकूर म्हणून आलेल्या 'फॉल्स'ला अ‍ॅजटाइप बूल लावलंत तर तो ट्रू होतो, कारण रिकामा नसलेला कुठलाही मजकूर ट्रूच. तिथे कुठल्या मजकुराचं काय करायचं ते सांगणारं मॅप वापरा.

तारखांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले होते. ०५/०६/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ जून, पांडाज त्याचा ६ मे करतं, त्यावर मी फक्त डेफर्स्ट ट्रू करा (दिवस आधी धरा) एवढंच लिहिलं होतं. पण पांडाज ते सक्तीनं पाळत नाही, कॉलमच्या सुरुवातीलाच ०१/१३/२०२४ आलं तर फक्त वॉर्निंग देऊन १३ जानेवारी धरून पुढे जातं. फॉरमॅट, म्हणजे दिवस-महिना-वर्षाचा क्रम, स्पष्ट देणं हाच बरोबर मार्ग, तुम्ही म्हणालात तसा. तो परिच्छेद आज रात्री बदलते.