पोपडे आमच्या चुकीने सुटले. ‘नुसती रंगरंगोटी’ मात्र मान्य नाही

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू दोन-तीनदा वाचला. तुमचं म्हणणं असं, की आम्ही जुनं घर घेतलं, वरवर रंग मारला आणि भरपूर नफा घेऊन तुमच्या गळ्यात मारलं. पाच महिन्यांत हॉलच्या मागच्या भिंतीचे पोपडे सुटले, बाथरूमच्या दोन टाइल्स पोकळ वाजतात, आणि फोन केल्यावर ‘जुन्या घरात एवढं चालायचंच’ असं ऐकवलं गेलं.

ते वाक्य आमच्याच माणसाचं. त्याबद्दल माफी मागतो. चालायचंच असेल तर आम्ही पैसे कशाचे घेतले, हे तुम्ही विचारलंत ते रास्तच आहे.

आता भिंत. घर चुन्यातलं आहे आणि जोत्यात ओल अडवणारा थर नाही. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं. जुना चुन्याचा गिलावा ते हळूहळू बाहेर सोडत होता. आम्ही तो काढून सिमेंटचा गिलावा केला, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. भिंत आरशासारखी झाली खरी, पण पाण्याची वाट बंद झाली. ते गिलाव्याच्या मागून आणखी वर गेलं आणि जिथे फट मिळाली तिथे क्षार सोडून उडून गेलं. तुमच्या फोटोतली पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. तोच रंगाला आतून ढकलतो. आमच्या गवंड्याने ‘चुनाच वापरू, भिंत वाळू दे’ असं सुचवलं होतं. मी ऐकलं नाही.

का ऐकलं नाही, तेही सांगतो, कारण नफ्याचा विषय तुम्हीच काढलाय. नफा घेतला, नाकारत नाही. धंदाच तो आहे. पण खरेदी आणि विक्रीच्या किमतीतला सगळा फरक खिशात जात नाही. दुरुस्ती, नोंदणी, दलाली आणि कर्जाचं व्याज त्यातूनच जातं. घर जितके महिने पडून राहील तितकं व्याज वाढतं. जाड भिंत वाळायला महिने लागतात. मी घाई केली.

‘नुसती रंगरंगोटी’ मात्र मान्य नाही. घरात जुनं दोन तारांचं वायरिंग होतं, अर्थिंग नव्हतंच. सगळं नव्याने ओढलं. भिंतीतले लोखंडी पाइप गंजून आतून निम्मे बुजले होते, ते बदलले. स्वयंपाकघराच्या स्लॅबमधल्या सळया गंजून फुगल्या होत्या (गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं). सुटलेलं काँक्रीट फोडून सळया घासल्या आणि ती जागा नव्याने भरली. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. जाहिरातीत आम्हीही दिवे आणि ओट्याचेच फोटो टाकले, म्हणजे तुमचा समज तसा होण्यात आमचाही हात आहे.

टाइल्सबद्दल थोडा मतभेद आहे. पोकळ आवाज म्हणजे खाली मसाला पूर्ण पोचलेला नाही. गळती आहे असं त्यावरून ठरत नाही. फरशी बसवण्याआधी तिथे ४८ तास पाणी कोंडून पाहिलं होतं, त्याचे फोटो पाठवतो. त्या दोन टाइल्स बदलून देऊ. पूर्ण बाथरूम उखडायची तुमची मागणी मात्र मान्य करू शकत नाही.

भिंतीचं काम आमच्या खर्चाने करू. ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत सिमेंट उतरवायचं, विटा उघड्या ठेवून वाळू द्यायच्या, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे आणि मग चुन्याचा गिलावा. मागच्या अंगणात फरशी टाकताना आम्ही जमिनीची पातळी जोत्याच्या वर तर नेली नाही ना, तेही तपासतो. मला तशी शंका आहे. भिंत बरेच महिने उघडीबोडकी दिसेल, याची तयारी ठेवा.

शनिवारी सकाळी गवंड्याला घेऊन स्वतः येतो. तोवर रंगाऱ्याने सुचवलेली ओलरोधक पुट्टी लावू नका, आणि सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा.