अकरा हात, एक रोप

जून उजाडला की ग्रुपवर निरोप पडतो : 'उद्या सकाळी ठीक ८ वाजता वृक्षारोपण. सर्वांनी पांढऱ्या पोशाखात यावे.' मातीचं काम आणि पांढरा पोशाख यांचा मेळ कसा बसायचा, हे कुणी विचारत नाही. माती कुणाला लागणारच नसते, असा आपला माझा अंदाज.

मुळात तारखेतच घोळ आहे. ५ जून ही पर्यावरण दिनाची तारीख १९७२च्या स्टॉकहोम परिषदेवरून ठरली. तिथल्या मंडळींनी आपल्या मृगाची वाट बघावी असं काही बंधन नव्हतं. आपल्याकडे वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, कारण तोवर जमीन आतपर्यंत भिजलेली असते. पण जुलैतल्या झाडाला हॅशटॅग कुठून आणायचा? म्हणून रोप ५ जूनलाच लावायचं, कोरड्या ठणठणीत मातीत, आणि मग सगळ्यांनी मिळून आभाळाकडे बघायचं.

खड्डा खरा एप्रिल-मेमध्येच खणायला हवा. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. तो उन्हात चांगला तापला की मातीतली कीड मरते. खणताना वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायचा. भरताना वरच्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड कालवायची. प्रत्यक्षात साडेसात वाजता वॉचमनकाका पहारीने वीतभर खळगा पाडतात. त्यांचंही बरोबर आहे. खोली फोटोत येत नाही.

फोटो मात्र शास्त्रशुद्ध निघतो. सहा बाय तीनचा फ्लेक्स मागे, पुढे मान्यवर, मध्ये रोप. रोपाला पानं सात, धरणारे हात अकरा. ज्यांचा हात पोचत नाही ते पोचलेल्याच्या कोपराला बोट लावून पुण्य घेतात. एक ताई रिकामी झारी तिरकी धरून पाणी घालतात. फोटोग्राफर ओरडतो, 'साहेब, रोप जरा वर घ्या, बॅनरवरचं नाव झाकतंय!' की लावलेलं रोप उपटून वर. मग अध्यक्ष उशिरा येतात. पुन्हा उपटणं, पुन्हा लावणं. हे होताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटतो, बारीक तंतुमुळं तुटतात आणि पाणी ओढायचं कामच थांबतं. दोन दिवसांनी पानं माना टाकतात, तेव्हा निदान होतं : 'नर्सरीवाल्याने फसवलं.'

काळी पिशवी तर बऱ्याचदा काढलीच जात नाही. ती ब्लेडने उभी चिरून अलगद सोडवायची असते. खोड धरून ओढायची नसते. पिशवीसकट पुरलं तर मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. झाड पहिला पावसाळा हसतखेळत काढतं आणि पुढे एखाद्या वादळात आडवं होतं. रोप मातीत बसवताना पिशवीतल्या मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवायची, खोड मातीत गाडायचं नाही. माती पायाने हलकी दाबायची, नाहीतर आत पोकळी राहून मुळं सुकतात. शेजारी बांबू, त्याला सुतळीचा सैल इंग्रजी आठचा आकडा. दीड फुटावर गोल आळं, आत पालापाचोळ्याचं आच्छादन आणि लगेच दहा-पंधरा लिटर पाणी. रिकाम्या झारीने हे साधत नाही.

नऊ वाजता पोस्ट पडते : 'मान्यवरांच्या शुभहस्ते वृक्षारोपण उत्साहात संपन्न.' नावं चौदा, हुद्द्यांसकट. झाडाचं नाव नाही. खाली 'स्तुत्य उपक्रम', 'अभिनंदन साहेब'. कुणी 'झाड कुठलं?' असं विचारलंच तर उत्तरात जोडलेले दोन हात येतात. स्टेटस चोवीस तासांनी उडतं. रोपाला त्याहून जरा जास्त मुदत मिळते, एवढंच.

मी फोनच्या विरुद्ध नाही. पाणी घालायला मोटर लागते तसा फोनही लागतो. फक्त तो रोपावर रोखून उपयोग नाही. पोस्टमध्ये झाडाचं नाव टाका : बहावा, करंज, कडुनिंब, ताम्हण, जे असेल ते. विजेच्या तारेखाली आहे का, तेही लिहा, म्हणजे पुढे छाटणीच्या वेळी भांडण नको. लोकेशन टाका. ग्रुपवर पोल लावा, त्यात बारापर्यंत पर्याय बसतात. सात वारांना सात पर्याय दिले की कोण कधी बादली उचलणार ते आपोआप उघडं पडतं. तो पोल तीस दिवसांसाठी पिन करून ठेवा, मुदत संपली की पुन्हा. पाऊस संपला की हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा पाणी, निदान दोन-तीन वर्षं. एवढे दिवस आपण कुठलीच गोष्ट मनावर घेत नाही, म्हणून तर पिन करायचं.

आणि फोटो दर दोन महिन्यांनी, त्याच कोपऱ्यातून, शेजारी तीच काठी ठेवून, म्हणजे उंची कळते. माणूस मध्ये नको. शेळीने शेंडा खाल्ला असेल तर तोही टाकावा. मग कुणीतरी 'माझ्याकडे जुनी जाळी पडून आहे' असं लिहितो. 'स्तुत्य उपक्रम'मधून आजवर एकही जाळी निघालेली नाही.

असा एप्रिलमधला फोटो फारसा चालत नाही, हेही सांगून टाकतो. उन्हात पांढरीफट्ट जमीन, ओलं आळं, कमरेएवढं झाड, बॅनर नाही. लाइक चार-पाच, त्यातला एक वॉचमनकाकांचा. खाली कॉमेंट एकच, पलीकडच्या इमारतीतली : 'काका, जाळी कितीला पडते? आमच्याकडची शेळी पण तीच आहे.'