पापुआच्या डोंगरात रस्ता पोचतो, मास्तर टिकत नाही

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला असलेल्या पापुआच्या डोंगराळ भागाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, अजून अश्मयुगात राहतात बिचारे, रस्ते करा, वीज द्या, माणसात आणा. दुसरा म्हणतो, सुखात आहेत, कशाला त्यांच्या वाटेला जाता. दोघांनी फोटो मात्र एकच पाहिलेला असतो: अंगाला डुकराची चरबी, कमरेला भोपळ्याची नळी, हातात भाला. नोकरीनिमित्त जकार्तात असताना मी बालिएम खोऱ्यात जाऊन आलो. परदेशी माणसाला तिथे फिरायला पोलिसांचा परवाना लागतो, तो काढून गेलो. तेव्हापासून या दोन्ही तटांशी माझं पटत नाही. भाला वगैरे सणाला आणि पर्यटकांसाठी. एरवी अंगात फुटबॉलची विटलेली जर्सी, पायात गमबूट, आणि तोंडी तेच प्रश्न जे आपल्या कुठल्याही आडगावात असतात. पोराला ताप आहे, नर्स कुठे आहे? शाळा उघडलीय का? आज विमान येणार का?

हो, विमानच. वामेना हे खोऱ्यातलं मुख्य शहर साधारण १६०० मीटरवर आहे आणि तिथे लागणारं जवळजवळ सगळं विमानानेच येतं. वामेनाच्या पुढच्या गावांना जायचं तर आणखी लहान विमान. त्यात बसण्याआधी माणसाला पिशवीसकट वजनकाट्यावर उभं करतात. माझ्या पुढे एक आजी होत्या, कपाळावरून पाठीवर सोडलेली विणलेली नोकेन पिशवी, तिच्यात कोबी, आणि कोबीच्या वर एक डुकराचं पिल्लू. आजींचं, कोबीचं आणि पिल्लाचं एकत्र वजन झालं, कागदावर उतरलं. डोंगरातल्या धावपट्ट्या उताराच्या असतात. उतरताना चढावर, उडताना उतारावर. दुपारनंतर ढग आणि वारा, त्यामुळे जे काही व्हायचं ते सकाळीच. पट्टीवरचं गवत गावकरी हाताने कापतात. ते कापलं नाही तर डॉक्टर नाही, मीठ नाही, काही नाही.

या खोऱ्याला ‘रानटी’ म्हणणाऱ्यांनी एकदा तिथली शेती बघावी. १९३८ मध्ये रिचर्ड आर्चबोल्ड हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विमानातून गेला, तेव्हा त्याला खाली रान नाही, आखीव शेतं दिसली. दाणी लोकांचे रताळ्याचे उंच वाफे आणि मधून खोल चर. पावसाळी जादा पाणी चरांतून निघून जातं, ओल धरायलाही तेच चर. तळाशी साचलेला काळा गाळ पुरुष उपसून वाफ्यावर थापतात, तेच खत. चर खणणं, कुंपण घालणं पुरुषांचं काम. लावणी, खुरपणी, काढणी बायकांची. काढणीही एकदम नाही. रोजच्या चुलीपुरतं खणायचं, चांगलं माणसांना, किडकं-बारकं डुकरांना. कोठार म्हणून वेगळं बांधायचं कारण नाही, जमीनच कोठार. (रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं, तिथे पोचलं काही शतकांपूर्वी. आपल्याकडेही ते बाहेरूनच आलं आणि थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसलं. त्यामुळे आदिवासींची ‘अस्पर्श परंपरा’ वगैरे म्हणताना जरा दमानं.)

पण जमीन हे कोठार असलं की एक धोका असतो. उंचावरच्या गावांत कोरड्या दिवसांत रात्री दहिवर गोठतं, पानं करपतात, खालचं रताळं सडतं. मग नवीन वेल लावून ते हाती यायला कित्येक महिने. २०२३ मध्ये पुंचाक जिल्ह्यात आगंदुगुमे आणि लांबेवी या भागांत हेच झालं. दुष्काळ आणि गोठलेलं दहिवर एकदम, माणसं दगावली. स्वातंत्र्य मागणाऱ्या सशस्त्र बंडखोरांच्या गोळीबाराच्या भीतीने विमानं तिथे उतरायला तयार नव्हती. मदत सिनाकच्या धावपट्टीवर उतरली आणि लोक डोंगर तुडवत तिथवर चालत गेले.

मदतीत मुख्यतः तांदूळ, इन्स्टंट नूडल्स. भुकेल्याला तांदूळ दिला यात काही गैर नाही. माझी तक्रार एरवीच्या तांदळाची आहे. वर्षानुवर्षं स्वस्त तांदूळ डोंगरात चढतोय, तो तिथे पिकत नाही, आणि तरुण पोरांच्या मनात आता पक्कं बसलंय की भात खातो तो शिकलेला, रताळं खातो तो मागासलेला. चर उपसायला हात कमी पडतात. थंडी सोसणारे वाण, उंचावरच्या गावांसाठी बेण्याची सोय, यावर खर्च झाला तर फीत कापायला काही उरत नाही, म्हणून तो कोणी करत नसावं.

फीत कापायला रस्ता बरा. ट्रान्स-पापुआ महामार्ग हा सगळा मिळून चार हजार किलोमीटरच्या वरचा. मे २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः मोटरसायकलवर बसून त्याचा एक तुकडा फिरले, ते फोटो देशभर गाजले. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी डोंगरातल्या याहुकिमो जिल्ह्यात जाहीर केलं की पेट्रोल आता जावाच्याच भावात, लिटरला ६,४५० इंडोनेशियन रुपिया. त्याआधी डोंगरात लोक त्याच्या दहापट आणि वर मोजत होते. टाक्या बसवलेली खास विमानं इंधन घेऊन यायला लागली. सरकारी पंपावर भाव खरंच उतरला. पण पंपावरचा साठा संपला की टपरीवर बाटलीतलं पेट्रोल, आणि तिथला भाव टपरीवाल्याचा.

रस्त्याच्या विरोधात मी अजिबात नाही. अडलेली बाळंतीण झोळीतून दोन डोंगर ओलांडून न्यावी लागते, तिच्या नवऱ्यासमोर ‘रस्ता नको’ म्हणून दाखवा. पण रस्त्याने कोण येतं तेही बघा. वामेनाच्या जिबामा बाजारात स्थानिक बायका, सगळे त्यांना ‘मामा’ म्हणतात, जमिनीवर पोतं पसरून रताळ्याच्या पाल्याच्या जुड्या विकतात. पक्क्या गाळ्यांत साबण, मोबाइल, बिस्किटं विकणारे बहुतेक सुलावेसी-जावा या बेटांकडून आलेले. त्यांचाही काही गुन्हा नाही, पोट भरायला आलेत. पण हा तणाव साठत जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये एका शिक्षकाने विद्यार्थ्याला वंशावरून शिवी दिली अशी अफवा उठली, आणि वामेना पेटलं. तीसहून अधिक माणसं मेली, त्यांत बाहेरून आलेलेच जास्त.

मुळाशी राजकारण आहे, ते टाळून विकासावर बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. १९६३ मध्ये हा प्रदेश इंडोनेशियाकडे आला. १९६९ मध्ये जे ‘जनमत’ झालं त्यात हजारेक निवडक माणसांनी लष्कराच्या पहाऱ्यात साऱ्या पापुआच्या वतीने होकार दिला. तेव्हापासून डोंगरात बंदूक आहे, लष्कराकडे आणि बंडखोरांकडे, दोन्ही बाजूंकडे. डिसेंबर २०१८ मध्ये न्दुगा जिल्ह्यात याच महामार्गाच्या पुलांवरचे मजूर बंडखोरांनी मारले. मग लष्कराची मोहीम, आणि हजारो गावकरी रानात नाहीतर वामेनाकडे पळाले. तिथे त्यांच्या मुलांची तात्पुरती शाळा भरली. बंडखोरांच्या लेखी रस्ता म्हणजे लष्कराची वाट, लष्कराच्या लेखी गाव म्हणजे बंडखोरांचा आसरा. रताळं लावणाऱ्या बाईने कुठे जायचं?

आणि आता मास्तर. मार्च २०२५ मध्ये याहुकिमोतल्या आंगुरुकला शिक्षक आणि आरोग्यसेवकांवर हल्ला झाला. एका शिक्षिकेचा जीव गेला, शाळेच्या इमारती जाळल्या, बाकीच्यांना विमानाने बाहेर काढलं. बंडखोर म्हणाले, ते शिक्षक नव्हते, लष्कराचे हेर होते. सरकारने साफ नाकारलं. मारणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही, कुठल्याच सबबीखाली. पण हा संशय हवेतून आलेला नाही. शिक्षक मिळत नाहीत म्हणून दुर्गम पापुआत वर्षानुवर्षं सैनिक वर्ग घेतात, त्याचे फोटो लष्कर कौतुकाने छापतं. गणवेशातला माणूस फळ्यासमोर उभा केला की पुढे फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाकडे गणवेशातला म्हणून बघितलं जातं. याची किंमत दुसऱ्या बेटावरून शिकवायला आलेल्या कुणाच्या तरी मुलीने मोजली.

पैसा नाही असं कोणी सांगू नये. २००१ च्या विशेष स्वायत्तता कायद्याने पापुआला वेगळा निधी आहे, २०२१ मध्ये तो वाढवला. २००२ आणि २००८ मध्ये जुना जयविजया जिल्हा फोडून नवे जिल्हे केले, २०२२ मध्ये डोंगरी पापुआचा वेगळा प्रांतच केला. दर वेळी नवी कचेरी, नव्या गाड्या, नवे साहेब. साहेब बसतात वामेनात किंवा किनाऱ्यावरच्या जयापुरा शहरात. गावातल्या मास्तरचा पगारही वामेनाच्या बँकेत. तो आणायला विमानाचं भाडं काढून जायचं, गेलं की ढग, सीट नाही, पोराचं आजारपण, आणि मास्तर दीड महिना शहरातच. पटावर तो हजर असतो. ज्या गावात आम्ही राहिलो तिथल्या शाळेला पत्रे नवे होते, बाकं नवी होती, कुलूपही नवं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढची दहा वर्षं डोंगरातलं यश किलोमीटरमध्ये मोजू नका. त्याच गावची दहावी झालेली पोरगी निवडा, तिला वामेनात नर्स किंवा शिक्षिका करा, तिचा पगार गावात रोख पोचवा, आणि पोचवणारा ठेकेदार तिचा काका नाही हे बघा. यात वेळ लागेल, चोरीही होईल, डोंगरात सगळ्याचीच होते. आणि वर्गावर सैनिक पाठवणं आजच बंद करा, त्याला ना निधी लागतो ना नवा प्रांत.