इंग्रजांनी लिहून ठेवलं म्हणून ती बाई चोर ठरते का? आईच्या फोनवर आलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री आईशी बोलताना ती सहज म्हणाली, "सुयावाली आली होती, मी दार नाही उघडलं."

ही बाई पंधरा वर्षं तरी आमच्या गावात येते आहे. दिवाळी झाली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात त्यांची पालं पडतात आणि ती दारोदार फिरते. हातात पत्र्याची पेटी. पेटीत लाल फडक्याला ओळीने टोचलेल्या सुया, दाभण, काळी पोत, बिबे. पाठीशी झोळीत पूर्वी तिची मुलगी असायची, आता नातू असतो. आईच्या गोधड्या ज्या जाड सुईने शिवल्या जातात ती सुई हिच्याकडची. यंदा आईने आतून कडी घातली आणि खिडकीतून सांगितलं, "पुढं जा बाई." तिने पाणी मागितलं. तेही दिलं नाही.

कारण विचारल्यावर आईने मला तो मेसेज पाठवला. गावच्या ग्रुपवर आलेला, तिथून माहेरच्या ग्रुपवर गेलेला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय: जिल्ह्यात मुलं पळवणारी चारशे जणांची टोळी उतरली आहे. बायका सुया-बिबे विकायच्या आणि पुरुष भिक्षा मागायच्या बहाण्याने घरं हेरतात. या भटक्या जमाती जन्मजात गुन्हेगार आहेत, इंग्रजांनी तसं कायद्यातच नोंदवून ठेवलंय. सरकार एवढ्या सवलती देतं तरी यांना शिकायचं नसतं. पोलिसांची वाट बघू नका, दिसले की धरा आणि धडा शिकवा. खाली एक व्हिडिओ.

व्हिडिओचं आधी उरकते. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. हा व्हिडिओ कराचीचा आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जाहिरात आहे. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मूल पळवायला क्षणही लागत नाही असं सांगणारा फलक धरतात. तो शेवट कापून उरलेला तुकडा २०१८ पासून आपल्याकडे फिरतो आहे. आणि चारशेचा आकडा? तो कुणी मोजला, कोणत्या पोलीस ठाण्याने सांगितला, मेसेजमध्ये एक शब्द नाही.

आता 'इंग्रजांनी नोंदवून ठेवलंय' हा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात विषारी मुद्दा हाच आहे, कारण तो अभ्यास करून लिहिल्यासारखा दिसतो. आईही म्हणाली, "अगं, कायद्यातच आहे म्हणे."

होता तसा कायदा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पण त्यात काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही. एखादी जमात गुन्हेगार आहे असं प्रांतिक सरकारला वाटलं की वरिष्ठ सरकारच्या परवानगीने तशी अधिसूचना काढायची. त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि अधिसूचना हाच अंतिम पुरावा, असं कायद्याच्या कलमातच लिहिलं होतं. म्हणजे कुणावर खटला चालला नाही, साक्षी झाल्या नाहीत, शिक्षा मात्र अख्ख्या जमातीला. आणि तीही पोटातल्या बाळासकट. आपल्याकडे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. नोंदणी करायची, हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या वस्तीला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात.

मुलं पळवण्याबद्दल बोलायचं तर तेही बोलू. हाच कायदा १९११ मध्ये नव्याने केला, तेव्हा त्यात एक कलम आलं: या जमातींची सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सरकारी सुधारगृहासारख्या शाळांत ठेवता येतील. कायद्याने, शिक्कामोर्तब करून. ज्यांची मुलं सरकारने काढून नेली, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना आज आपण मुलं पळवणारे म्हणतो आहोत. मी चौथीला शिकवते. एखादं पोर शाळा सुटल्यावर दहा मिनिटं दिसलं नाही तर त्याच्या आईचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. त्या कलमाखाली किती आयांचे चेहरे तसे झाले असतील?

आणि हा कायदा मेला. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने तो रद्द करा म्हणून सांगितलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. या जमाती विमुक्त झाल्या. ३१ ऑगस्ट हा त्यांचा विमुक्त दिन आहे. मेसेज पाठवणाऱ्यांनी सत्तर वर्षांपूर्वी पुरलेला कायदा उकरून आईच्या फोनवर आणून ठेवला. शिवाय सगळे भटके त्या कायद्याच्या यादीत नव्हतेच. सुया विकणारी, डवर म्हणजे डमरूसारखं वाद्य वाजवून भिक्षा मागणारी, औषधी मुळ्या विकणारी माणसं, सगळ्यांना एकाच दोरीने बांधलंय, कारण लिहिणाऱ्याला त्यांच्यातला फरकच माहीत नाही.

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. यातल्या काही जमातींत चोरीवर जगणारी माणसं होती आणि आजही काही आहेत. त्यांच्याच लेखकांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवलंय. मुलं हरवतात हेही खरं आहे आणि आईची भीती खोटी नाही. पण आमच्या गावातली सोसायटी ज्यांनी बुडवली ते कुणी पालात राहणारे नव्हते, आणि त्यांच्या जातीवर असा मेसेज कधी फिरला नाही.

'यांना शिकायचंच नसतं'. हे वाचून मला फार राग आला, कारण दाखल्यांच्या कागदांशी माझा दर जूनला संबंध येतो. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा आज या रानात तर पुढच्या महिन्यात त्या रानात, त्यांनी तो कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून सवलत नाही, आणि वर सवलती खातात हा आरोप.

शिकायची इच्छा बघायची असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथली 'प्रश्नचिन्ह' शाळा आहे. मतीन भोसले हे स्वतः फासेपारधी या भटक्या जमातीतले. जिल्हा परिषदेतली शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी भीक मागणारी पारध्यांची पोरं गोळा केली आणि २०१२ मध्ये शाळा उभी केली. मुलं चारशेच्या वर गेली. पुढे समृद्धी महामार्गासाठी त्या शाळेच्या वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडलं गेलं. पोरं शिकायला आली होती. ग्रंथालय त्यांनी नव्हतं पाडलं.

राहिला 'धरा आणि धडा शिकवा'. हा धडा कसा असतो ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलंय. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारे आले आहेत, असा मेसेज त्या भागात आधीच फिरत होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. शेकडो मैलांवरून आलेली माणसं, पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी. त्या बाजारात कुणालाच ती कोण आहेत ते ठाऊक नव्हतं, आणि कुणी थांबून विचारलं नाही. कोणत्या गावचे, कुणाचे, घरी फोन लावून द्या, एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती.

आणि 'आपल्याला काय त्याचं' असं वाटत असेल तर एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात चार साधूंना मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता.

संशय आला तर ११२ ला फोन करा, पोलीस पाटलाला सांगा. मूल हरवलं तर १०९८ आहे. पालं पडली असतील तर ग्रामपंचायतीने जाऊन नावं लिहून घ्यावीत, किती दिवस मुक्काम आहे ते विचारावं आणि त्यांच्या पोरांना शाळेत बसू द्यावं. माझ्या वर्गात मागच्या वर्षी अशी दोन पोरं तीन महिने होती. पहिल्या आठवड्यात त्यांच्या शेजारी कुणी बसेना. मग त्यातल्या एकाने मोकळ्या तासाला तितराचा आवाज काढून दाखवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बाकावर जागा मिळवायला भांडणं.

आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग मी विचारलं, "तिचं नाव काय गं?" पंधरा वर्षांत आईने ते विचारलेलं नव्हतं.

मेसेज तिने काढून टाकला. पण त्याआधी तो मावशीला, मामीला आणि शेजारच्या काकूंना पाठवला होता. त्या तिघींना मी फोन करते आहे. मावशी आणि काकूंशी बोलणं झालं. मामी अजून फोन उचलत नाहीये.