ओवाटोनाची बँक आणि उधळपट्टीचा आक्षेप

ओवाटोनाच्या बँकेच्या इमारतीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या विटांच्या ठोकळ्याचं एवढं कौतुक कशाला, अवाच्या सवा खर्च केला म्हणून तर बँक बुडाली, आणि इमारतीचं सगळं श्रेय एकट्या वास्तुकार लुई सलिव्हनला कसं, असं तुमचं म्हणणं.

बँक बुडाली हे मी लिहायला हवं होतं. राहिलं, चूक माझी. पण त्याचं खापर तुम्ही इमारतीवर फोडता, ते पटत नाही. मिनेसोटा राज्यातल्या ओवाटोना गावची ही नॅशनल फार्मर्स बँक १९०८ मध्ये उभी राहिली आणि १९२६ मध्ये बंद पडली. मधली अठरा वर्षं ती चाललीच ना? पहिल्या महायुद्धात धान्याला चढे भाव होते, लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९२० नंतर भाव कोसळले, कर्जं थकली. त्या दशकात त्या भागातल्या गावोगावच्या बँका बुडाल्या, अगदी साध्या इमारतींतल्यासुद्धा.

आता ठोकळा. आहेच, ६८ फुटांचा चौरस. बँकेचा कारभार पाहणाऱ्या कार्ल बेनेटला त्या काळच्या बँकांसारखी ग्रीक देवळाची नक्कल नकोच होती. त्या विटा जवळून बघा: खरबरीत, तांबड्या-तपकिरी, शेजारच्या दोन विटांची छटा सारखी नाही. लांबून भिंत विणलेल्या घोंगडीसारखी मऊ दिसते. रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना ३६ फुटी कमानी आणि त्यांत रंगीत काच. आत हिरवट-सोनेरी उजेड, आणि त्या उजेडात भिंतीवर ऑस्कर ग्रॉसनं रंगवलेल्या गाई. दूध विकून चार डॉलर ठेवायला आलेल्या माणसाला बँकेत स्वतःच्या गोठ्यातली लक्ष्मी दिसावी, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

श्रेयाबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. नक्षीकामाचा मोठा वाटा सलिव्हनच्या हाताखालच्या जॉर्ज एल्म्सलीचा. आतले ओतीव लोखंडाचे चार दिवे, एकेक सव्वादोन टनांचा, तेही त्याच्याच हातचे. काउंटरवरच्या जाळ्याही. बँक बुडाली तेव्हा त्या शाबूत होत्या. १९४० च्या सुमारास 'आधुनिक' करायच्या नादात त्या उखडल्या, आणि हे वाचलं की मला अजून संताप येतो. इमारत आज उभी आहे, गाईही आहेत.

लेखात १९२६ साल आणि एल्म्सलीचं नाव, दोन्ही आज रात्री घालते.