आर्किटेक्ट नेमणे आहे

आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या चर्चचे नूतनीकरण करायचे ठरले आणि त्यासाठी आर्किटेक्ट निवडणारी समिती नेमली गेली, तेव्हा तिच्यात माझे नाव कसे आले हे मला नंतर कळले. ज्या रविवारी समिती निवडली गेली त्या रविवारी मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गैरहजर होतो. समितीत फादर होते, खजिनदार होते, गायनवृंदाच्या प्रमुख बाई होत्या, आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले एक इंजिनिअरसाहेब होते आणि ज्यांच्या आजोबांनी कधीकाळी रंगीत काचांची एक खिडकी दान केली होती असे एक गृहस्थ होते. हे गृहस्थ प्रत्येक सभेत त्या खिडकीच्या बाजूने बोलत असत.

आर्किटेक्टला आपल्याला काय हवे ते आधी लेखी द्यावे लागते, म्हणून पहिल्या सभेत आम्ही ‘वास्तूचे मूळ स्वरूप कायम राखून आवश्यक त्या सुधारणा कराव्यात’ हे वाक्य एकमताने मंजूर केले. ते आमचे शेवटचे एकमत. कारण दुसऱ्या सभेत मूळ स्वरूप कोणते हा प्रश्न निघाला, आणि मधला भाग सर्वांत जुना, दर्शनी मंडप त्यानंतरचा, मनोरा वीज पडल्यावर पुन्हा उभारलेला आणि गॅलरी कोणी व केव्हा चढवली याची कुठेच नोंद नाही, असे निष्पन्न झाले. बाकांना हात लावायचा नाही असे खजिनदार म्हणाले, तर इंजिनिअरसाहेबांनी शांतपणे सांगितले की कित्येक शतके भाविक चर्चमध्ये उभेच राहत, सरसकट बाके ही मध्ययुगाच्या अखेरीपासूनची सोय आहे, तेव्हा मूळ स्वरूपच हवे असेल तर सर्वांनी उभे राहावे. पुढे पुढे माझ्या लक्षात येऊ लागले की आपण लहानपणी प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेतला त्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी चर्च जसे दिसत होते तेच त्याचे मूळ स्वरूप, असे प्रत्येक सभासद प्रामाणिकपणे मानतो. आणि आमच्या वयांत बरेच अंतर असल्यामुळे एकाच वास्तूची चार-पाच मूळ स्वरूपे टेबलावर होती.

फादरांनी आमची समजूत घालण्यासाठी पॅरिसच्या नोत्र दाम या प्रसिद्ध कॅथेड्रलचे उदाहरण दिले. १५ एप्रिल २०१९ रोजी लागलेल्या आगीत तेथील छतावरचे उंच निमुळते टोक कोसळले, नवे टोक आधुनिक असावे की जुन्यासारखे यावर साऱ्या देशात वाद झाला आणि अखेर ते होते तसेच बांधायचे ठरले; मात्र ‘होते तसे’ म्हणजे व्हियोले-ल-द्युक या वास्तुशिल्पज्ञाने एकोणिसाव्या शतकात उभारलेले टोक, तेराव्या शतकातले नव्हे, कारण ते अठराव्या शतकातच उतरवले गेले होते. यातून आम्ही काय बोध घ्यावा हे फादरांनी सांगितले नाही. खिडकीवाल्या गृहस्थांनी तेथील खिडक्या वाचल्या का एवढेच विचारले, आणि तिन्ही मोठ्या गोल खिडक्या वाचल्याचे कळताच ते त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

वेदीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी, वेदी भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल, अशी सूचना निघाली. आमच्या चर्चची संगमरवरी वेदी भिंतीत बसवलेली असल्यामुळे त्या काळी तिच्यापुढे तात्पुरते म्हणून एक लाकडी टेबल ठेवले गेले. ते अजून तात्पुरतेच आहे.

आवाजाबाबत तर तडजोडीला जागाच नव्हती. दगडी भिंती आणि उंच छत असलेल्या दालनात शब्द उच्चारून झाल्यावरही घुमत राहतो. प्रवचन स्पष्ट ऐकू यायचे तर तो घुमारा साधारण सेकंदभरात विरला पाहिजे, आणि ऑर्गन व समूहगायन खुलायचे तर तो दोन-तीन सेकंद टिकला पाहिजे. गायनवृंदाच्या बाईंनी घुमारा कमी करण्यास साफ विरोध केला. “घुमला नाही, तर आमचा आवाज आमच्यासारखाच ऐकू येईल,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांची पट्टी परिचयाची असल्यामुळे सर्वांना ते पटले. प्रवचन नीट ऐकू येत नाही अशी लोकांची तक्रार आहे का, असे फादरांनी विचारले, तेव्हा मात्र कोणीही उत्तर दिले नाही.

मग मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या आर्किटेक्टने पडद्यावर जे चित्र दाखवले ते पाहून सारे हरखून गेले. त्यात सकाळचे सोनेरी ऊन थेट वेदीवर पडले होते, सडपातळ माणसे दोघा-दोघांनी हिंडत होती, एक लहान मूल फुगा घेऊन दारात उभे होते, आणि कुठेही पंखा, दानपेटी, ध्वनिवर्धक किंवा झोपलेला माणूस दिसत नव्हता. डावीकडचा जाडजूड खांब, ज्याच्या आडोशाला काही कुटुंबे पिढ्यान्पिढ्या बसत आली आहेत, तोही दिसत नव्हता. इंजिनिअरसाहेबांनी त्याची चौकशी केली.

“दृश्य मोकळे वाटावे म्हणून तो पारदर्शक दाखवला आहे,” असे उत्तर आले.

“छताला कळवले आहे का?” साहेबांनी विचारले.

दुसऱ्या आर्किटेक्टला चर्चमध्ये शांततेखेरीज काहीही नको होते. बाके, पुतळे, झुंबर असे एकेक काढत तो खिडकीपाशी पोहोचला, आणि तिथे त्याची उमेदवारी संपली.

तिसऱ्या बाईंनी चित्रच आणले नव्हते. त्या खिशातून ओल मोजायचे यंत्र काढून भिंतीच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसल्या, फुगलेल्या गिलाव्याचा एक पापुद्रा नखाने सोलला, आतला दगड चाचपला आणि म्हणाल्या, “चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट कोणी मारले?” चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवते, मग क्षार फुलतात आणि जुना दगड भुगा होऊन गळू लागतो, हे त्यांनी सविस्तर समजावले, आणि तेवढा वेळ आम्ही सर्व जण खजिनदारांकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होतो, कारण ते सिमेंट त्यांच्याच कारकिर्दीत लागले होते. जाता जाता बाईंनी जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेचा दाखला देऊन, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, असेही बजावले. आमच्या सभा जिथे सुरू होतात ती जागा नेमकी तीच आहे.

खजिनदारांचा आक्षेप अर्थातच सिमेंटवर आला नाही, फीवर आला. फी बांधकामाच्या खर्चावर टक्केवारीने घेतात हे कळल्यापासून, काम महाग झाले की ज्याची मिळकत वाढते त्याच्याकडून काटकसरीचा सल्ला कसा घ्यावा, हे त्यांना उलगडत नव्हते, आणि माझ्या मते समितीत उपस्थित झालेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. त्यात इंजिनिअरसाहेबांनी क्रिस्टोफर रेन या इंग्लिश आर्किटेक्टची हकिकत सांगितली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी त्याने केलेली भव्य लाकडी प्रतिकृती धर्मगुरूंना रुचली नाही, तेव्हा १६७५ मध्ये त्याने निमुळत्या टोकाचा दुसरा आराखडा मंजूर करून घेतला, सजावटीत बदल करण्याची मुभा राजाकडून मिळवली आणि त्या मुभेच्या आधाराने आज दिसतो तो घुमट उभारला. खजिनदारांनी त्याच सभेत करारात दंडाचे कलम घालून घेतले.

मतदानात पहिला आणि तिसऱ्या बाई यांना सारखी मते पडली. चित्र सोडवत नव्हते आणि ओल नाकारता येत नव्हती. तेव्हा फादरांनी फ्लॉरेन्सचा तोडगा सुचवला: तेथील कॅथेड्रलच्या घुमटासाठी १४१८ मध्ये स्पर्धा झाली, आणि १४२० मध्ये ब्रुनेलेस्की व गिबेर्ती या दोन प्रतिस्पर्ध्यांना सारख्याच पगारावर एकत्र नेमले गेले. ठराव तत्काळ संमत झाला. ऐन कामात ब्रुनेलेस्कीने आजारपणाचे सोंग घेतले आणि एकट्या गिबेर्तीला पुढे काय करावे ते सुचेना, असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवले आहे. पण हे फादरांनी ठराव संमत झाल्यावर सांगितले. दोन्ही नेमणूकपत्रे गेल्या आठवड्यात रवाना झाली असून, दोघांपैकी कोणाची प्रकृती आधी बिघडते याकडे समितीने मला लक्ष ठेवायला सांगितले आहे.