नियम कडक असू द्या, पण टिकणारे असू द्या

उद्योगांच्या बँक कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार करून देणे हे माझे नाशिकमधले रोजचे काम आहे. गेल्या पंधरवड्यात सिन्नरकडचे एक खडी क्रशरवाले काका फाइल घेऊन आले. दगड भरडून कृत्रिम वाळू तयार करणाऱ्या यंत्राचे दरपत्रक त्यांनी कधीच मागवले होते; त्याची मुदत तीनदा वाढवून घेतल्यामुळे पहिल्याच पानावर तीन तारखा आणि तीन शिक्के दिसत होते. "मॅडम, नियम कितीही कडक करा, आम्ही पाळू, पण मशीनचे हप्ते फिटेपर्यंत तेच राहतील एवढे कोणीतरी सांगा," असे ते म्हणाले.

त्यांची ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. राज्याने 2023 मध्ये वाळूचे लिलाव थांबवून सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रास (म्हणजे शंभर घनफूट) दराने वाळू देण्याचे धोरण आणले, तेव्हा इतक्या स्वस्त वाळूपुढे आपला माल कोण घेणार म्हणून कृत्रिम वाळूचा विचार करणाऱ्यांच्या पोटात गोळाच आला होता. पुढे महसूल खात्याचे मंत्री बदलले, एप्रिल 2025 मध्ये डेपोंची पद्धत गुंडाळून पुन्हा लिलाव आले आणि मे महिन्यात कृत्रिम वाळूला प्रोत्साहन देणारे धोरण मंजूर झाले. हा शेवटचा निर्णय मला मनापासून पटतो, कारण त्याने आपल्या नद्यांच्या पात्रांवरचा ताण कमी होईल. पण दोन वर्षांत वारे उलटे फिरलेले ज्याने पाहिले, त्याने सात वर्षांचे कर्ज कोणाच्या भरवशावर घ्यायचे? नोव्हेंबर 2019 ते डिसेंबर 2024 या काळात राज्यात मुख्यमंत्रिपदाचे चार शपथविधी झाले. जानेवारी 2025 मध्ये तर नाशिकच्या पालकमंत्रिपदाची घोषणा होऊन दुसऱ्याच दिवशी तिला स्थगिती मिळाली. बँकेचा अधिकारीही वर्तमानपत्र वाचतो, आणि मग जादा तारण मागतो.

खाणीच्या धंद्यात पैसा आधी ओतावा लागतो आणि तो हळूहळू वसूल होतो. शिवाय कारखाना एक वेळ हलवता येईल, खाण हलवता येत नाही. म्हणून अनिश्चितता वाढली की कायदा पाळणारा माणूस मागे सरतो आणि रात्रीत डोंगर पोखरून मोकळा होणारा पुढे येतो. अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, पण त्या आदेशाला वरून स्थगिती मिळेल असा भरवसा ज्याला वाटतो, त्याला दंडाची कसली भीती? त्र्यंबकेश्वरजवळचा ब्रह्मगिरी डोंगर वाचवण्यासाठी आवाज उठवणारे नाशिककर आणि प्रामाणिक क्रशरमालक हे मला याच कारणाने एकाच बाजूचे वाटतात.

राजकीय मर्जीने मिळालेली परवानगीही टिकत नाही, हे शेजारच्या गोव्याने भोगले आहे. खाणपट्ट्यांचा लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश 12 जानेवारी 2015 रोजी निघाला, आणि त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गोव्यात घाईघाईने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण उरकण्यात आले. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे रद्द केले, मार्चमध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक, बार्जवाल्यांचे हप्ते थकले. पनामात 2023 साली याहून मोठ्या प्रमाणावर हेच घडले. संसदेने घाईने मंजूर केलेला तांब्याच्या खाणीचा करार लोक रस्त्यावर उतरल्यानंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

खाणपट्टा देतानाच्या अटी आणि रॉयल्टी त्या पट्ट्याची मुदत संपेपर्यंत सरकारवरही बंधनकारक असाव्यात, कोणत्या डोंगरांना हात लावायचा नाही हे आधीच नकाशावर जाहीर व्हावे आणि दंडावरील अपिलांचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा. मंत्री कोणीही असो, एवढे व्हायलाच हवे.

2027 च्या सिंहस्थाच्या कामांना खडी आणि वाळू लागणारच आहे. काकांच्या अहवालात मी परतफेडीची मुदत सात वर्षांऐवजी चार वर्षे धरली आहे, त्यामुळे हप्ता बराच वाढला आहे. बँकेने राहत्या घराचे कागद तारण मागितले आहेत, आणि घरी विचारून सांगतो असे म्हणून ते फाइल परत घेऊन गेले आहेत.